गरुड-गिधाडांवर फिल्ड टेक्निशियन म्हणून काम करायचंय? कोल्हापूरकडच्या पोरापोरींसाठी थोडं सविस्तर

शिवाजी विद्यापीठात झूलॉजी नाहीतर एन्व्हायर्नमेंटल सायन्स करणारं कुणी भेटलं की हमखास एक प्रश्न येतोय, शिकारी पक्ष्यांवर काम करायचंय, सुरुवात कुठनं करू. विचारणाऱ्याच्या डोळ्यासमोर काय असतंय ते पण कळतं, हातमोज्यावर बसलेला ससाणा, पाठीवर जीपीएस टॅग, खांद्यावर तोफेएवढी लेन्स. तर आधीच सांगतो, टेक्निशियनचं काम म्हणजे बहुतेक वेळ एका जागी बसून आभाळाकडं बघायचं, जे दिसलं ते वेळेसकट लिहायचं, आणि काहीच दिसलं नाही तर काहीच दिसलं नाही असं पण तितक्याच नीट लिहायचं. हे शेवटचं लै अवघड जातं लोकांना.

ते का महत्त्वाचं ते गिधाडांवरनं बघा. नव्वदच्या आधी गिधाडं इतकी होती की ती मोजायची कशाला असंच सगळ्यांना वाटायचं. पण १९९१ ते ९३ मध्ये काही लोकांनी रस्त्यानं गाडीतनं जात शिकारी पक्ष्यांची मोजणी करून ठेवली होती, म्हणून २००० साली तेच रस्ते परत मोजता आले आणि केवढा मोठा खड्डा पडलाय ते आकड्यात दिसलं. पांढऱ्या पाठीचं गिधाड १९९२ ते २००७ या काळात देशात ९९.९ टक्के कमी झालं. कारण सापडलं २००४ मध्ये, जनावरांना देतात ते डायक्लोफेनॅक, औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या जातात. शंभर मेलेल्या जनावरांत एखादं जरी तसलं असलं तरी सगळी संख्या ढासळायला पुरे. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आता विचार करा, त्या जुन्या मोजणीत कुणी "आज काय विशेष नव्हतं" म्हणून शीटच भरली नसती तर २००० साली तुलना कशाशी केली असती?

आपल्याकडं काय आहे

लोकांना वाटतं या कामासाठी राजस्थान नाहीतर हिमालयच गाठायला पाहिजे. शिकायला कोल्हापूर एक नंबर आहे. पश्चिमेला राधानगरी अभयारण्य, साडेतीनशे चौरस किलोमीटर, २०१२ पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग. वर शाहूवाडीच्या अंगाला चांदोली, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. खाली आजरा, चंदगड, भुदरगडचं जंगल. इथं तुरेवाला सर्पगरुड, काळा गरुड, मधुबाज असले जंगलातले पक्षी. पन्हाळ्याच्या पलीकडं मसाई पठार आणि पूर्वेला हातकणंगले, कागलकडची माळं, तिथं हिवाळ्यात हॅरियर म्हणजे भोवत्या, शिवाय खरूची म्हणजे केस्ट्रेल. आणि मधे सगळा ऊस. उसाकडं पक्षीवाले नाक मुरडतात पण तोड सुरू झाली की फडातले उंदीर बाहेर पडतात आणि कापशी, घारी तिथं कशा जमतात ते एकदा जाऊन बघा. रात्री त्याच बांधावर गव्हाणी घुबड.

धोक्यातल्या यादीचं म्हणाल तर भारतीय गिधाड, पांढऱ्या पाठीचं गिधाड आणि राजगिधाड हे अतिसंकटग्रस्त, स्टेप ईगल संकटग्रस्त, ठिपकेवाला गरुड असुरक्षित, पॅलिड हॅरियर त्याच्या खालच्या पायरीवर. गिधाडांचंच काम करायचं असेल तर मात्र जिल्हा सोडायला लागतोय, रायगडात म्हसळ्याकडं, नाशिकला अंजनेरीकडं नाहीतर गडचिरोलीला. त्याला हरकत नाही, पण जायच्या आधी हात इथं बसवून जा.

परवानगी, हा भाग कंटाळवाणा आहे पण वाचा

अभयारण्यात अभ्यासासाठी जायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ खाली परवानगी लागते. पर्यटकाचं तिकीट काढून आत गेलो आणि डेटा घेतला, हे चालत नाही. पक्षी पकडणं, रिंग घालणं, टॅग लावणं ही तर वेगळीच आणि फार वरच्या लेव्हलची परवानगी, ती प्रोजेक्टच्या नावानं येते आणि त्यात नावं असतात, आपलं नाव नसेल तर पक्ष्याला हात लावायचा नाही, दुसऱ्यानं धरलेला असला तरी नाही. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते, कायद्याच्या व्याख्येत अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हे सुद्धा 'शिकार' मध्येच मोडतं. खाली पडलेलं पीस पण खिशात घालायचं नाही, फोटो काढा, जीपीएस घ्या, तिथंच सोडा.

परवानगीचं पत्र साहेबाकडनं मिळालं म्हणजे झालं असं पण नाही. बीटचा गार्ड कोण, राउंडचा वनपाल कोण, त्यांना जाऊन भेटायचं, कुठं बसणार कधी बसणार सांगायचं. गार्ड लोक रोज त्या जंगलात चालतात. "साहेब" म्हणून लांबनं नमस्कार करण्यापेक्षा दादा चहा घेऊया म्हणा, काळा गरुड सकाळी कुठल्या कड्याच्या बाजूनं येतोय ते तुम्हाला त्यांच्याकडनंच कळणार आहे.

ओळख शिकताना

सगळ्यात आधी घार पक्की करा. हसू नका. घार उडताना शेपटी कशी पिरगळते, खाच कधी दिसते आणि शेपूट पसरली की कशी नाहीशी होते, पंखाच्या टोकाला बोटं कशी सुटी दिसतात, हे सगळं रंकाळ्यावर फुकटात शिकता येतं. घार डोक्यात बसली की आभाळात जे "घारीसारखं नाही" ते आपोआप टोचायला लागतं.

रंगावर जाऊ नका. शिकारी पक्ष्यांत पिल्लू, अर्धवट वयाचं आणि मोठं असे एकाच जातीचे तीन-चार अवतार असतात, मधुबाज तर फिक्या पांढऱ्यापासून काळपट तपकिरीपर्यंत कसला पण निघतो. आधी आकार, पंखांची ठेवण, उडायची पद्धत, मग रंग. सर्पगरुड पंख इंग्रजी व्ही सारखे थोडे वर धरून घिरट्या घालतो आणि खालनं पंखाला रुंद पांढरा पट्टा दिसतो. काळा गरुड झाडांच्या शेंड्याला लागून अगदी सावकाश सरकत जातो, घरटी हुडकत असतोय तो, पिवळे पाय चमकतात. स्टेप ईगल आणि टॉनी ईगलमध्ये भले भले अडकतात, तिथं चोचीची फट बघायची, स्टेपची फट डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जाते, टॉनीची डोळ्याच्या मध्यावरच थांबते. पण ते स्कोपमधनं, म्हणजे ट्रायपॉडवर लावायच्या एका डोळ्याच्या मोठ्या दुर्बिणीतनं, बसलेला पक्षी मिळाला तरच.

हॅरियरच्या नरांचं सोपं आहे, पॅलिडच्या पंखाच्या टोकाला काळी चिंचोळी पाचर, माँटेग्यूच्या पंखावर आणखी एक काळी पट्टी. माद्या आणि पिल्लं म्हणजे डोकेदुखी, पॅलिड मादीच्या मानेला फिकट कॉलर असते पण पंधरा सेकंदात माळावरनं निघून जाणाऱ्या पक्ष्याची कॉलर काय दिसणार. अशा वेळी "हॅरियर, मादी किंवा पिल्लू, जात नक्की नाही" असं लिहायचं. सीनियरसमोर लाज वाटून नाव ठोकून द्यायचं नाही. माझं स्पष्ट मत आहे, शीटवर एकदा पण "ओळख नाही" न लिहिणाऱ्या माणसाच्या डेटावर विश्वास ठेवू नये.

आवाजावर पण सांभाळून. सर्पगरुडाची शीळ लांबनं ओळखू येते खरी, पण जंगलात भृंगराज कोतवाल तीच शीळ इतकी हुबेहूब काढतोय की पक्षी दिसल्याशिवाय आकडा वाढवू नका.

सामान

दुर्बीण ८x४२ घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या भिंगाची. १०x घेऊन हात थरथरवत बसण्यापेक्षा ८x बरी, खास करून दिवसभर धरायची असेल तर. स्कोप आणि ट्रायपॉड प्रोजेक्ट देतं, स्वतः घ्यायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. होकायंत्र, घड्याळ, पेन्सिल (पेन गगनबावड्याच्या धुक्यात लिहितच नाही), क्लिपबोर्ड, छापलेल्या शीट, टोपी, बसायला सतरंजीचा तुकडा. मोबाईल ॲप आहेत की, वापरा पण, पण घाटात बॅटरी आणि रेंज दोन्ही दगा देतात म्हणून कागद पाहिजेच. कपडे मातकट. पाणी जेवढं लागेल वाटतं त्याच्या दुप्पट. भाकरी-ठेचा उत्तम, भडंग पण चालतंय, पण प्लॅस्टिक परत आणायचं.

टेकडीवर बसणं

याला व्हँटेज पॉइंट म्हणतात. जिथनं दरी आणि आभाळ दोन्ही मोकळं दिसतंय अशी जागा, पण अगदी सुळक्यावर नाही, तिथं आपण लांबनं दिसतो. पाठ झाडाला नाहीतर दगडाला. वेळ सकाळी साडेनऊ-दहाच्या पुढची, कारण मोठ्या पंखांचे पक्षी जमीन तापून गरम हवा वर चढायला लागल्याशिवाय उठत नाहीत. पहाटे पाचला जाऊन कुडकुडत बसण्यात शौर्य असेल पण गरुड नसतोय.

एका बैठकीला सलग तीन तासांच्या वर जाऊ नका, नजर मरते. पद्धत अशी: आधी नुसत्या डोळ्यांनी डावीकडनं उजवीकडं, मग दुर्बिणीनं क्षितिजाची रेष, मग ढगांच्या पोटाखालचा भाग. निळ्या आभाळात ठिपका सापडत नाही, पांढऱ्या ढगावर सापडतो. कावळे किंवा कोतवाल अचानक ओरडत वर गेले की तिकडं बघा, ते आपले फुकटचे असिस्टंट. पक्षी दिसला की लिहायचं काय तर वेळ, जात, किती, वय-लिंग कळलं तर, दिशा होकायंत्रावर, अंदाजे अंतर, उंची (झाडाच्या खाली, झाडाच्या वर, कड्याच्या वर अशा पट्ट्यात), आणि काय करत होता. सोबत वारा, ढग, धुकं किती हे दर तासाला. बसल्याची आणि उठल्याची वेळ तर लिहायचीच लिहायची, कारण किती तास बघितल्यावर किती दिसले यावरच सगळं गणित असतंय, आणि एक सुद्धा दिसला नाही अशी शीट त्या गणितात बाकीच्यांइतकीच धरतात.

अंतराचा अंदाज सुरुवातीला सगळ्यांचा चुकतो. आधी समोरचं मोठं झाड, टॉवर, वाडीतलं कौलारू घर यांची अंतरं नकाशावर मोजून शीटच्या मागं लिहून ठेवा, मग पक्षी त्यांच्या अलीकडं की पलीकडं एवढंच ठरवायचं राहतं.

अशा कामातनं काय निघतं त्याचं आपल्या शेजारचंच उदाहरण आहे, साताऱ्याचं चाळकेवाडी पठार. पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या भागांची तुलना २०१८ मध्ये छापून आली, पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चार पटीनं कमी आणि म्हणून सरडे जास्त, आणि ते सरडे पण कमी भित्रे झालेले. एवढी मोठी गोष्ट, पण पाया काय, तर कुणीतरी पठारावर उन्हात बसून मोजलं.

संध्याकाळची हॅरियर मोजणी

हॅरियर रात्री झाडावर नाही, गवतात जमिनीवर एकत्र उतरतात. सूर्य मावळायच्या तासभर आधी गवताच्या कडेला लांब बसायचं आणि पूर्ण अंधार पडेपर्यंत उतरणारे मोजायचे. गंमत म्हणजे एकदा उतरलेला परत उठतो, फिरतो, दुसरीकडं बसतो, म्हणून दोघं दोन बाजूला बसून वेळ जुळवून घ्यायची. सकाळी उठायच्या वेळी परत मोजलं की आकडा पडताळता येतो. गवतातनं चालत जायचं नाही. माळाला आग लावायची पद्धत आपल्याकडं आहे, तर ज्याचं रान आहे त्या मामांशी आधीच बोलून ठेवा, भांडायला जाऊ नका.

घरटं

घरट्याचं काम मिळालं तर समजा तुमच्यावर विश्वास ठेवलाय. समोरच्या डोंगरावरनं स्कोप लावून, जेवढ्या लांबनं दिसतं तेवढ्या लांबनं. पक्षी तुमच्याकडं बघून ओरडायला लागला, डोक्यावर फिरायला लागला, किंवा घरटं सोडून गेला, की तुम्ही जवळ आहात, लगेच मागं फिरा. उन्हात अंडं किंवा पिल्लू उघडं पडलं तर फार वेळ लागत नाही, आणि कावळे टपलेलेच असतात. सर्पगरुड, गिधाडं ही वर्षाला एकच अंडं घालतात, ते गेलं की ते साल गेलं.

जागा कुणाला सांगायची नाही. स्टेटसला फोटो टाकायचा नाही, टाकलाच तर लोकेशन काढून आणि पिल्लं उडून गेल्यावर. मित्र फोटोग्राफर असतो आणि "फक्त मला दाखव की भावा" म्हणतो, तिथं नाही म्हणता आलं पाहिजे. एकाला दाखवलं की रविवारी सहा गाड्या.

पिल्लं उडाल्यावर खाली पडलेल्या गुठळ्या म्हणजे पेलेट गोळा करतात, परवानगी असेल तर. घुबडाच्या पेलेटमध्ये हाडं जवळजवळ शाबूत मिळतात, पाण्यात भिजवून चिमट्यानं सोडवली की उंदराची कवटी, जबडा वेगळा करता येतो. गरुड-घारींच्या पेलेटमध्ये हाडं बरीचशी विरघळलेली असतात, तिथं केस, पिसं आणि नखांवर भागवायचं. मास्क आणि हातमोजे घाला, आणि घरच्या फ्रीजमध्ये ठेवू नका, आई घराबाहेर काढेल.

माणसांशी बोलणं

हा भाग पक्षीवाले टाळतात. दाजीपूरकडचे गवळी-धनगर, जुनी गुराखी मंडळी, यांच्याकडं चाळीस वर्षांची माहिती असते. पण "गिधाड बघितलंय का" असं थेट विचारलं की पाहुण्याचं मन राखायला हो म्हणतात. म्हणून फोटोची कार्डं दाखवायची आणि त्यात एक परदेशी पक्षी मुद्दाम घालायचा, जो इथं असणंच शक्य नाही. तो पण "हाय की, परवाच दिसला" म्हटलं की ती मुलाखत बाजूला ठेवायची, पण चहा मात्र प्यायचा. वर्षाच्या आकड्यापेक्षा घरातला संदर्भ विचारा, थोरल्याचं लग्न झालं तेव्हा होती का, धरणाचं काम चाललं होतं तेव्हा होती का. मेलेलं जनावर पूर्वी कुठं टाकायचे आणि आता पुरतात का, हे पण विचारा.

दुसरं म्हणजे औषधांचा सर्व्हे. कोल्हापूर दुधाचा जिल्हा, गोठ्यागोठ्यात म्हैस, त्यामुळं जनावराच्या तापाला-सुजेला मेडिकलमधनं काय दिलं जातंय हे कळणं फार मोलाचं. गिऱ्हाईक म्हणून जाऊन औषध मागायचं आणि काय मिळालं ते बाहेर येऊन लिहायचं, दुकानाचं नाव रिपोर्टमध्ये येत नाही. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवर पण २०२३ मध्ये जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे, दूध संस्थेच्या डॉक्टरांशी बोलणं झालं तर तेवढं जरूर बोला, पण शिकवायच्या सुरात नको.

जीव सांभाळा

वाघ-बिबट्याची भीती घालतात लोक, पण कड्याखाली काम करताना खरी भीती आग्या मोहोळाची. मधुबाज त्याच मोहोळावर तुटून पडतो आणि चिडलेल्या माश्या खाली बसलेल्या तुमच्यावर येतात. बसायच्या आधी कडा दुर्बिणीनं तपासा, सेंट-अत्तर लावू नका, बिडी-सिगारेट नको. आल्याच तर हात झाडत बसू नका, तोंड झाकून लांब पळा, गाडी असेल तर आत घुसून काचा वर. एकटा गवा दिसला की रस्ता त्याचा. पावसाळ्याच्या कडेला जळवा असतातच, त्यांनी काही होत नाही, पण गोचीड अंगावर शोधा, दोडामार्गाकडं २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत, तिकडच्या जंगलातनं आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना जंगलात होतो हे स्वतःहून सांगा. साप चावला तर गावठी काही नाही, जवळचं आरोग्य केंद्र नाहीतर थेट कोल्हापूरचं सीपीआर हॉस्पिटल. आणि एकटं जायचं नाही, गेलात तर परत यायची वेळ घरी सांगून.

जखमी पक्षी सापडला, मांज्यात अडकलेला म्हणा नाहीतर तारेवरनं पडलेला, तर जाड टॉवेल टाकून पाय आधी धरा, चोचीपेक्षा नखं वाईट. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा, पाणी पाजू नका, चिकन भरवू नका, वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन करा. विजेच्या तारांचं तर काय सांगायचं, ताडोब्यातनं २०२४ मध्ये टॅग लावून सोडलेलं एक गिधाड पाच राज्यं फिरत तमिळनाडूपर्यंत गेलं आणि तिथं शॉक लागून मेलं. म्हणून खांबाखाली पक्षी मेलेला दिसला तर खांबाचा नंबर आणि फोटो घ्या, मेलेल्याची पण शीट असते.

काम मिळवायचं कसं

नोव्हेंबर ते मार्च एकच टेकडी धरा, आठवड्याला एकदा, तीच वेळ, आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर पूर्ण यादी टाका. सीझन संपला की ह्या शीट स्कॅन करून मुंबईची बीएनएचएस, देहरादूनचं वन्यजीव संस्थान, कोइमतूरचं साकॉन, बेंगळुरूचं एट्री अशा संशोधन संस्थांत जे लोक शिकारी पक्ष्यांवर काम करतात त्यांना नावानिशी मेल करा. जाहिराती फिल्ड असिस्टंट, प्रोजेक्ट असिस्टंट अशा नावानं येतात, काही महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, पगार जेमतेम. मेलमध्ये "लहानपणापासून निसर्गाची आवड" लिहू नका, टू-व्हीलर चालवता येते, मराठी-कन्नड बोलता येतं, एक्सेल येतं, उन्हात बसायची तयारी आहे, हे लिहा. कन्नड येत असेल तर ते पहिल्या ओळीत. आणि हो म्हणायच्या आधी राहायची सोय, विमा, आणि गाडी स्वतःची वापरायची असेल तर पेट्रोल कोण देणार, हे तोंडी नाही, मेलवर लिहून घ्या.